गर्जे सरांचा डबा

गर्जे सरांबद्दल चांगलं लिहायचं म्हटलं की माझा हात जड होतो. खोटं कशाला बोलू? सोळा वर्षं आम्ही कडा गावच्या एकाच शाळेत होतो. ते स्काउटचे, मी गाईडची. म्हणजे मुलं त्यांची आणि मुली माझ्या. हे कागदावर. प्रत्यक्षात मुलीही त्यांच्याच, मुलींचे आईबापही त्यांचेच, आणि शिपाईमामासुद्धा मला चहाचं विचारायला आले की पहिला कप सरांच्या टेबलावर ठेवून मग माझ्याकडं वळायचे. मला सरांचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला पोटभर वाटायचा.

बरं, हेवा करावा असं रूपही नव्हतं. खाकी हाफ चड्डीतून खाली तुराट्यांसारखे दोन पाय. डोक्यावर टोपी तिरकी, ती मुद्दाम तिरकी घातलेली नसून डोकंच एका बाजूला कलतं असावं असा मला संशय होता. गळ्यातला स्कार्फ मात्र कडक. सरांच्या घरी काकू तो घडी घालून गादीखाली ठेवायच्या म्हणे, इस्त्रीवाल्याकडं कधी गेला नाही. आडनाव गर्जे, पण आवाज असा बारीक की शेवटच्या रांगेतली पोरं आपणहून पुढं सरकायची. गळ्यात शिट्टी असायची, ती वाजवलेली मी ऐकली नाही. मैदानाच्या एका टोकाला मी शिट्टी फुंकून फुंकून गाल दुखवून घ्यायचे आणि माझ्या मुली वेण्या घालत उभ्या. दुसऱ्या टोकाला सर नुसता डावा हात वर करायचे. पन्नास पोरं चिडीचूप.

त्यांच्या खिशात सुतळीचा एक तुकडा कायम असे. समोरच्याचं ऐकताना बोटं गाठी घालत राहायची, घालायची आणि सोडायची. शाळेतली एकही नाडी त्यांनी मोकळी ठेवली नव्हती. खिडकीची झापड, हजेरीपत्रकांचा गठ्ठा, माठाचं झाकण, सगळ्याला त्यांची गाठ. दिसायला साधी, ओढली तर घट्ट, ढकलली तर सुटणारी. मला ती कधीच पटकन सुटली नाही. गाईडची कॅप्टन मी, आणि माठाचं झाकण उघडायला पाचवीतल्या पोरीला हाक मारायची.

हस्तांदोलन डाव्या हातानं. स्काउटमध्ये तशी रीतच आहे, पण बाकीचे ती शिबिरापुरती पाळतात. सर सगळीकडं पाळायचे. एकदा तालुक्याचे साहेब तपासणीला आले, त्यांनी उजवा हात पुढं केला, सरांनी डावा. आपल्याकडं डावा हात पुढं करणं म्हणजे अपमानच. हेडसरांचा चेहरा पडला. सर म्हणाले, "साहेब, जुन्या काळी डाव्या हातात ढाल ऱ्हायची. ती खाली ठेवल्याबगर हा हात देता येत न्हाई. तुमच्यासमोर ढाल कशाला पायजे?" साहेब असे खूश झाले की जाताना त्यांनी सगळ्यांना डावा हात दिला. मलाही दिला. मी तो घेतला, पण मनात म्हटलं, ह्या माणसाला चूकसुद्धा कशी लाभते.

आता मूळ गोष्टीकडं येते. दरवर्षी बीडला जिल्ह्याचा मेळावा भरायचा. प्रत्येक शाळेनं एक मुलगा आणि एक मुलगी अशी दोन नावं धाडायची. त्या दोघांनी संचलनात पुढं निशाण धरायचं आणि त्यांना पदक मिळायचं. पदक पितळेचं, बोटभर. पण त्या बोटभर पितळेसाठी गावात काय काय व्हायचं ते सांगण्यासारखं नाही. सख्खे साडू एकमेकांच्या दारात जायचे थांबले होते. एका मामानं भाचीच्या बारशाला पाय ठेवला नाही. ज्याच्या पोराला मिळे त्याचा फोटो चौकात फ्लेक्सवर लागे, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि ज्याच्या पोराला मिळत नसे तो वर्षभर त्या चौकातून मान खाली घालून जायचा.

ही भांडणं मिटवायला सरांनी एक रीत काढली होती. नाव ठरवायच्या रविवारी पालकांना वर्गात बोलवायचं, सतरंजीवर बसवायचं. टेबलावर एक पत्र्याचा डबा, बिस्किटांचा जुना, झाकणाला पोचा आलेला. त्यात निवडीत आलेल्या मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या. प्रत्येक पालकानं एक उचलायची. आपल्याच लेकराची निघाली तर परत टाकायची. आणि ज्या लेकराचं नाव निघालं त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगायची, चांगली, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली. ऐकीव चालणार नाही. सगळं ऐकून झालं की नाव सगळ्यांनी मिळून ठरवायचं. कोणी आपल्या पोराचं गुणगान सुरू केलं की सर सुतळीवरून नजर न उचलता म्हणायचे, "तुमचं लेकरू तुमी बघितलंच. दुसऱ्या कुणाचं बघितलं का?"

जे जे बोललं जाई ते ते एका जाड वहीत लिहिलं जायचं, नावासमोर एक ओळ. वर्षाअखेरीस सर ती ओळ चिठ्ठीवर उतरवून त्या त्या लेकराला द्यायचे. पदक दोघांनाच, पण चिठ्ठी सगळ्यांना. कुणाच्या तरी आईनं, कुणाच्या तरी बापानं आपल्याला बघितलं होतं, एवढं त्यात असायचं.

खताच्या दुकानाचे बबनशेठ माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांनी तर निकालाआधीच पोराचा फ्लेक्स छापून आणला होता. दहा बाय सहाचा, हार्दिक अभिनंदन, पोरगं सलामी देतंय. तो गुंडाळून काखेत घेऊनच सतरंजीवर बसले. डब्यातून त्यांना निघाला बाळू. बाळूचा बाप मेंढरं राखायचा, वर्षातले सहा महिने रानात.

"ह्या बाळूचं मी काय सांगू?" शेठ म्हणाले. "मी वळकत बी न्हाई त्याला."

"मंग वळख करून घ्या," सर म्हणाले. "महिना हाय आजून नाव धाडायला. पुढल्या आठवड्यात नारायणगडाच्या जत्रंत आपली पोरं चपला सांभाळायच्या सेवेला हायेत. तितं येऊन बघा."

"आन् माझ्या पोराचं काय ओ सर? कावून न्हाई माझ्या पोराला?"

"तुमच्या पोराला बी बघंल की कुणीतरी. तवर फ्लेक्स उन्हात ठिवू नका, रंग उडतो."

शेठ रागारागानं उठून गेले. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, आता हा माणूस शाळेच्या कमिटीत जाईल, सरांची रीत बंद पडेल. मनात येतं ते येतं, काय करणार.

पण शेठ गडावर गेले. चपलांच्या ढिगाजवळ खुर्ची टाकून दुपारभर बसले. आणि महिन्यानं सतरंजीवर उभं राहून त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या हातानं वहीत लिहिलंय, कारण तेव्हा वही लिहायला मीच टेबलाशी बसायचे. म्हणाले, "एका म्हातारीची एक चप्पल घावंना. ह्या बाळूनं सगळा ढीग उपसला. घावली न्हाई. मंग त्यानं म्हातारीला रिकाम्या पोत्यावर बसवलं, आन् भर उन्हात खालच्या वाटंपस्तोर शोधत गेलता. कुत्र्यानं नेलती, ती घिऊन आला. म्हातारीनं पाठीवर हात फिरवला तर लाजून ढिगामागं जाऊन बसला." मग म्हणाले, "आमचं दिवटं तवर मोबाईलवर सोताचे फोटो काढीत हुतं. बाळूलाच द्या, सर."

तो फ्लेक्स पुढं बाळूच्या बापानं उलटा करून कोकरांच्या वाड्यावर टाकला. शेठनंच नेऊन दिला होता.

सगळा गाव वाहवा करत होता. मी घरी येऊन भाकरी थापल्या त्या सगळ्या एका बाजूनं करपल्या. आमचे हे म्हणाले, "आज कुणावर राग?" मी म्हटलं, "पिठावर."

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं, माझ्या मुलींचं मी बघीन. डबाबिबा काही नाही. चांगला तक्ता केला. हजेरी, गणवेश, गाठी, तंबू, प्रथमोपचार, सगळ्याला गुण. बेरीज करून फळ्यावर लावला. नियम म्हणजे नियम, भांडायला जागाच नाही. पहिल्या दिवशी तीन आया आल्या. अर्ध्या गुणावरून एकीनं दुसरीचं माहेर काढलं. तिसरी मला म्हणाली, "बाई, तुमी आमच्या पोरीला गाठीचं कमी दिलं, पर तुमाला सोताला तर माठाचं झाकन काढता येत न्हाई." हे गावात पोचलं होतं तर.

शेवटी त्या तिघी सरांकडं गेल्या. सरांनी माझा तक्ता हातात घेतला, नीट वाचला, म्हणाले, "बाईंचा तक्ता लई मेहनतीचा हाय. ह्यात चूक न्हाई." आणि मग डबा काढला. तासाभरात तिघी एकमेकींना पाणी देत होत्या. सरांनी माझा पाणउतारा केला असता तर मला सोपं गेलं असतं. चार दिवस बोलले नसते, मोकळी झाले असते. त्यांनी तक्त्याची घडी घालून, वर ती त्यांची गाठ बांधून, माझ्या कपाटात ठेवून दिला.

मग माझ्या ऋतुजाचं वर्ष आलं. माझी मुलगी नववीत, आमच्याच पथकात. दोन वर्षांत एक कवायत चुकवलेली नाही. मनात म्हटलं, आता बघू डबा काय करतो. एवढंच एक पदक मला हवं होतं. माझ्या मुलीसाठी हवं होतं असं मी सगळ्यांना सांगायचे, स्वतःलाही.

तिच्या बरोबरीनं तीन मुली होत्या, चौघींतली दोनच नावं खरी, ऋतुजा आणि कोमल. कोमलचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की बैलगाडीवर संसार लादून चार-पाच महिने पश्चिमेकडं, तिथं पाचटाच्या कोपीत मुक्काम, कोमलही त्यांच्यासोबत, कारण मागं राहायला घरात कुणी नव्हतं. अशा पोरांसाठी सरांनी वेगळी नोंदवही केली होती. तोडकऱ्यांच्या तळावर काय सेवा केली, कुठली गाठ कामाला आली, कुणाला औषधपाणी केलं, ते लिहायचं आणि टोळीच्या मुकादमाची सही आणायची. ती सही म्हणजे हजेरी. मला हे आधीपासून खटकायचं. मुकादमाच्या सहीला हजेरी म्हणायचं तर उद्या किराणावाल्याचीही चालेल.

चैत्रात आष्टीजवळच्या माळावर आमचं तीन दिवसांचं शिबिर होतं. कोमल आठवड्यापूर्वीच तळावरून परतली होती, हाताची साल गेलेली, चेहरा काळवंडलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी वावटळ उठली. सर चुलीजवळ होते. ऋतुजाचा संघ टँकरवर पाणी आणायला गेलेला, त्यांचा तंबू रिकामा. मी आंब्याखाली गुणांचा कागद घेऊन बसले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ऋतुजाच्या तंबूचा खुंटा उपटला. तंबू उडणार एवढ्यात कोमल आपल्या तंबूतून धावत आली. दोर मनगटाला गुंडाळून जमिनीवर बसली, टाचा मातीत रोवून, आणि सोडलाच नाही. तिकडं तिचा स्वतःचा तंबू आधी कलला, मग आडवा झाला. तिनं मान वळवून बघितलं. बघितलं आणि दोर धरून तशीच बसली.

वारा पडला. मी उठले. ऋतुजाचा तंबू उभा, पूर्ण गुण. कोमलचा पडलेला, शून्य. कागदावर लिहिलं आणि घडी घातली. कोमल मनगट चोळत माझ्यासमोरून गेली. मी कागद पर्समध्ये टाकला.

रविवार आला. सर म्हणाले, "बाई, यंदा तुमी सतरंजीवर बसा. वही मी लिवतो." बरोबरच होतं, पण मला लागलं. आयांच्या रांगेत जाऊन बसले. शेजारी कोमलची आई, कौसाबाई. पदरानं डबा पुसून तिनं पुढं सरकवला, जणू ताटच वाढतेय.

मी चिठ्ठी उचलली. कोमल.

चारच नावं डब्यात, त्यातली ही निघायची म्हणजे काही चमत्कार नाही. पण मला वाटलं सरांनी मुद्दाम केलं. अजूनही कधीकधी वाटतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, बोलायच्या आधी एक विचारते. चार महिने जी मुलगी गावातच नव्हती, ती हजेरीत हजर कशी? मुकादम काय स्काउटमास्तर आहे? नियमात ऐंशी टक्के हजेरी लिहिलीय. बाकीच्या मुली काय वेड्या म्हणून रोज येतात?"

कौसाबाईनं माझ्याकडं बघितलं, मग सरांकडं. तिला अर्धंच कळलं असावं, पण पोरीच्या विरुद्ध काहीतरी आहे एवढं कळलं.

सरांची सुतळी थांबली. सोळा वर्षांत थांबलेली मी तेव्हाच बघितली. "बाईंचं बरोबर हाय," ते म्हणाले. "नियम तसाच हाय. मी वाकवीत हुतो, ते त्यांनी दाखवलं. आता पाळायला पायजे." मग म्हणाले, "पर बाई, मी तुमाला हे इचारलं नव्हतं. चिठ्ठी कुणाची निगाली?"

"कोमलची."

"काय बघितलं?"

मनगटाला गुंडाळलेला दोर माझ्या डोळ्यांसमोर होता. टाचा दिसत होत्या, मातीत रुतलेल्या. मी म्हटलं, "काही सुचत नाही."

"बरं. जागा सोडून ठिवतो."

त्यांनी वहीत कोमलचं नाव लिहिलं, पुढं ओळ कोरी ठेवली आणि पान उलटलं. रागावले नाहीत, टोचून बोलले नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग कौसाबाई उठली. तिच्या हातात ऋतुजाची चिठ्ठी. "मला बोलता येत न्हाई," ती म्हणाली. "पर ह्या बाईच्या लेकीनं आमच्या कोमलला रोज मोबाईलवर फळ्याचा फोटो धाडला. वर्गात काय शिकिवलं, गाईडात काय शिकिवलं, समदं. आमच्यात फोन एकच, ह्यांचा. सात वाजता आमी फडातून कोपीवर येतो, म्हून ती सातलाच धाडायची. चार महिन्यांत येक दिस चुकली न्हाई. मी बघितलंय, फोन मीच कोमलच्या हातात द्यायची." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "लई गुणाची पोर हाय तुमची, बाई. तिलाच द्या."

रोज सात वाजता ऋतुजाच्या हातात मोबाईल दिसायचा. रोज मी तिला बोलायचे. दोनदा तर हिसकावून घेतला होता.

नाव ऋतुजाचं गेलं. सरांनी शिफारस स्वतःच्या अक्षरात लिहिली, सुवाच्य, एकही शब्द हातचा न राखता. मला हवं ते मिळालं होतं. घरी येऊन मी सांगितलं, "तुझं नाव लागलं." ती आधी हसली. मग विचारलं, "तुला चिठ्ठी कुणाची आली होती?"

"कोमलची."

"मग तू तंबूचं सांगितलंस ना?"

मी म्हटलं, "त्या वेळी सुचलं नाही."

"पण मम्मी, तू तर तिथंच होतीस. कोमल म्हणाली, बाई बघत होत्या."

ती उठून आत गेली. बीडला निशाण धरलं, सगळ्यांत पुढं चालली, ताठ. पदक आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि अभ्यासाला बसली. ते मी काचेच्या कपाटात लावलं. अजून तिथंच आहे, धूळ मीच पुसते. कौसाबाईच्या ओळीची चिठ्ठी मात्र ती आज पुण्यात कॉलेजला आहे तरी मोबाईलच्या कव्हरमध्ये घेऊन फिरते.

त्या वर्षी चिठ्ठ्या वाटल्या तेव्हा कोमलच्या हातात सरांनी नुसतं नाव लिहिलेला कागद दिला. मी व्हरांड्यात उभी होते. ते तिला म्हणाले, "तुझ्या नावापुढली वळ यायचीये. उशीर लागंल, पर यील." ती "बरं सर" म्हणाली आणि कागद कंपासपेटीत ठेवला. त्यांनी स्वतः काहीतरी लिहून द्यायचं होतं, मला वाटायचं. पोरीला कशाला रिकामं पाठवायचं? पण ती ओळ माझी होती, आणि दुसऱ्याची ओळ ते लिहीत नसत. त्यानंतरही माझ्याशी ते तसेच, पहिल्यासारखे. "बाई, पाणी पिलं का, ऊन लई हाय." मला ते सोसायचं नाही.

सर रिटायर झाले. स्काउट-गाईड दोन्ही माझ्याकडं आलं. आता शिपाईमामांचा पहिला कप मला येतो. आणि यंदा नाव ठरवायच्या वेळी दोन बाप शाळेच्या फाटकात एकमेकांच्या कॉलरला झोंबले, तेव्हा गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "गर्जे सर आसते तर डबा काढला आसता." मग मात्र मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा टाकली आणि डबा मागायला सरांच्या वस्तीवर गेले.

कड्याबाहेर मैलभर त्यांची वस्ती. अंगणात बाजेवर बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, दिसत जवळपास नव्हतं. स्कार्फ नव्हता, टोपी नव्हती. त्याशिवाय ते कुणीही म्हातारे वाटत होते. पायांच्या तुराट्या तेवढ्या तशाच.

"कोण?"

"मी, सर. तांदळे."

"बाई व्हय. बसा. पाणी पिलं का?"

काकूंनी पाणी दिलं. डबा कोनाड्यात दिसत होता, पोचा आलेलं झाकण. मी फाटकातलं भांडण सांगितलं. ते हसले. "डबा न्या की," म्हणाले, "शाळंचाच हाय." मग कोनाड्याकडं हात करून, "आधी त्याच्याशेजारची वही द्या."

मी वही काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. वहीला नाडी होती, नाडीला ती गाठ. त्यांनी न बघता दोन टोकं ढकलली, सुटली. पानांवरून बोट फिरवत गेले. एका पानाला सुतळीचा धागा लावलेला होता. तिथं थांबले, वही माझ्याकडं वळवली.

कोमल. पुढं कोरी ओळ.

"मला दिसत न्हाई आता," सर म्हणाले. "तुमीच लिवा."

मी पर्समधून पेन काढलं. वाटलं होतं, लिहायला वेळ लागेल. लागला नाही. इतकी वर्षं ते वाक्य तयारच होतं.

"वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं. "वावटळीत हिनं स्वतःचा तंबू पडू दिला आणि माझ्या मुलीचा धरून ठेवला. मी आंब्याखालून बघत होते. हिचे गुण मी कापले."

सरांनी काळा चष्मा माझ्याकडं वळवला. काकू आत चहा ठेवायला गेल्या होत्या. मला रडू येत होतं आणि त्यातही मनात होतंच, की ह्या माणसाला डोळे नाहीत तरी हा मला बघतोय.

"तारीख टाका," ते म्हणाले.

"त्या दिवशीची?"

"आजची. उशीर झाला तर झाला, दिसू द्या."

मी आजची टाकली. मग रिवाजाप्रमाणं ओळ एका कागदावर उतरवली, घडी घातली. त्यांनी सांगितलं, कोमल बीडला आहे, नर्सिंगला, पहिल्या पाळीला असली की चारला सुटते. "कुणाच्या हाती धाडू नका," म्हणाले. मी उठले तेव्हा त्यांनी हात पुढं केला, डावा, जरा चुकीच्या दिशेला, कारण मी दुसऱ्या बाजूला उभी होते. मी फिरून तिकडं गेले आणि तो घेतला.

अंगणाच्या कडेला जाऊन मागं बघितलं. सर वहीला नाडी गुंडाळत होते. बोटांनी टोक शोधलं, दुसरं शोधलं, एकावर एक घेतलं. काकूंनी विचारलं, "काय म्हणत हुत्या बाई?"

"काय न्हाई. वळ लिवायची ऱ्हायलती. तेवढं लिवून गेल्या."

फाट्यावर बीडची बस लागलीच मिळाली. पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. दोन वाजले होते, चारच्या आत पोचायचं होतं. थोडं पुढं गेल्यावर कंडक्टरनं तिकीट दिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी डबा न्यायला आले होते आणि तो तिथंच कोनाड्यात राहिला.